खालची पट्टी जागेवर ठेवण्यासाठी : लिनक्स मिंटचं २०११ सालचं प्रकरण

२६ मे २०११ रोजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची अकरावी आवृत्ती आली. तिचं नाव कात्या. मिंटच्या आवृत्त्यांना स्त्रियांची नावं देण्याची पद्धत पहिल्यापासूनची. पडद्यावर नवं काही दिसत नव्हतं. खाली एक पट्टी, पट्टीच्या डाव्या टोकाला मेनू, मधे उघडलेल्या खिडक्यांची बटणं, उजवीकडे घड्याळ. हे सगळं ज्या ग्नोम २ नावाच्या डेस्कटॉपवर, म्हणजे पट्टी-मेनू-खिडक्या दाखवणाऱ्या थरावर, उभं होतं, त्याचं आयुष्य मात्र तोवर संपलं होतं. ६ एप्रिललाच ग्नोम ३ बाहेर पडलं होतं. त्यात खालची पट्टी नव्हती, तो मेनू नव्हता, खिडक्यांच्या बटणांची रांग नव्हती. खिडकी खाली घेण्याचं आणि मोठी करण्याचं बटणसुद्धा काढून टाकलेलं होतं. मिंटची पुढची आवृत्ती सहा महिन्यांवर आली होती आणि ती कशावर उभी करायची हे ठरलेलं नव्हतं.

त्या सहा महिन्यांत आणि पुढच्या तीन वर्षांत मिंटच्या छोट्या चमूने जे ठरवलं, ते हे प्रकरण. नवशिक्या माणसासाठी डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची, तीही स्वयंसेवक आणि देणगीदारांच्या बळावर, असं मनात असलेल्यांशी बोलताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. चर्चा नावावरून सुरू होते, मग लोगो, मग वॉलपेपर, मग सोबत कोणकोणती सॉफ्टवेअर द्यायची त्याची यादी. वापरणाऱ्याच्या हातासमोरून आपण काय कधीच हलवणार नाही, आणि ते न हलवण्याची किंमत कोण भरणार, हा प्रश्न यादीत येतच नाही. मिंटपुढे तो प्रश्न परिस्थितीनेच आणून ठेवला, म्हणून मला हे प्रकरण इतकं मोलाचं वाटतं.

भाड्याची जागा

मिंटची सुरुवात २००६ची. क्लेमेंट लेफेव्र हा आयर्लंडमध्ये राहणारा फ्रेंच माणूस लिनक्सवर लेख लिहायचा, त्यातून त्याने स्वतःची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा स्वतः जुळवलेला संच, काढली. पहिली आवृत्ती अडा, ऑगस्ट २००६. ती फार कुणी पाहिली नाही. नोव्हेंबरात आलेल्या बार्बराने मात्र लोकांचं लक्ष वेधलं, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. त्या काळी उबुंटू ही लोकप्रिय डिस्ट्रो बसवून एमपी३ गाणं लावलं की ते वाजायचं नाही. पेटंटचे प्रश्न आणि मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं यांमुळे ती वाजवणारी कोडेक, म्हणजे गाणं-व्हिडिओ उलगडणारी छोटी सॉफ्टवेअर, सोबत दिलेली नसत. जाणत्याला ती कुठून घ्यायची हे माहीत असे, नवशिक्याला वाटे की संगणकच बिघडला. मिंटने ती आधीच घालून दिली. गाणं वाजलं, व्हिडिओ चालला. नवशिक्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांचा विचार कुणीतरी केला होता.

इथे एक रचना समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सगळ्यात खाली डेबियन, हजारो स्वयंसेवकांनी बांधलेलं. त्यावर उबुंटू, २००४पासूनचं, मागे कॅनॉनिकल ही कंपनी. त्याच्यावर मिंट. मिंट बसवलेला संगणक बहुतेक सगळी सॉफ्टवेअर थेट उबुंटूच्या भांडारातून घेतो आणि मिंटचं स्वतःचं छोटंसं भांडार त्याच्या वर बसतं. कर्नल हा सिस्टीमचा गाभा, ड्रायव्हर, सुरक्षेच्या दुरुस्त्या, ब्राउझर, ऑफिस हे सगळं आयतं मिळतं. देणग्या आणि प्रायोजकांवर चालणाऱ्या मूठभर माणसांच्या प्रकल्पाला दुसरा मार्गही नव्हता. दरमहा कुणी किती देणगी दिली याची यादी मिंट जाहीर करत आलं आहे, त्यावरून कल्पना येते.

ही वाड्यातल्या भाडेकरूची स्थिती होती. भिंती, छप्पर, पाणी मालकाचं, आतली मांडामांड आपली. आणि २०११ साली मालकाने जिनाच दुसरीकडे नेला.

उबुंटू ११.०४ एप्रिलच्या अखेरीला युनिटी हा आपला डेस्कटॉप घेऊन आलं: डावीकडे उभी पट्टी, प्रत्येक प्रोग्रॅमचा मेनू खिडकीतून निघून पडद्याच्या माथ्यावर गेलेला. त्या आवृत्तीत ग्नोम २ अजून भांडारात होतं, म्हणून कात्या जुन्या रूपात निघू शकली. १३ ऑक्टोबरला आलेल्या ११.१०मध्ये ग्नोम २ उरलंच नाही.

ग्नोमवाल्यांची बाजू

ही गोष्ट सांगताना ग्नोम ३च्या लोकांना खलनायक करायची सवय आहे. ती मला पटत नाही. ग्नोम २ची पहिली आवृत्ती जून २००२ची. आत साचलेला जुना कोड सांभाळणारी माणसं कमी होत चालली होती. पट्टीवरचे छोटे प्रोग्रॅम ज्या यंत्रणेवर चालत, तीच मोडीत काढायची होती. ग्राफिक्स कार्डं बदलली होती, त्यांच्या ताकदीचा जुन्या डेस्कटॉपला उपयोग करता येत नव्हता. शिवाय रचनाकारांची एक स्वतंत्र भूमिका होती: उघडलेल्या खिडक्यांची रांग सतत डोळ्यांपुढे असली की लक्ष विचलित होतं, त्यापेक्षा हवं तेव्हा कोपऱ्यात माऊस नेऊन सगळ्या खिडक्या एका नजरेत पाहाव्यात. विचार चुकीचा नव्हता. आज कितीतरी लोक त्याच पद्धतीने आनंदाने काम करतात, आणि २०१७मध्ये उबुंटूसुद्धा युनिटी सोडून ग्नोमकडेच परतलं.

अडचण होती ती आधीच शिकून बसलेल्या माणसाची. संगणक जाणणाऱ्यांनाही तो बदल जड गेला, लिनक्सचा जनक लिनस टॉर्वाल्ड्सने त्याच वर्षी उघड टीका करून एक्सएफसीई हा डेस्कटॉप धरला. पण टॉर्वाल्ड्सला दुसरा डेस्कटॉप धरता येतो. नवशिक्याला दुसरा डेस्कटॉप असतो हेच माहीत नसतं.

त्याच सुमारास मी माझ्या वडिलांच्या संगणकावरची एक डिस्ट्रो रविवारी संध्याकाळी अपग्रेड करून निघून आलो होतो. वडील निवृत्त, सोसायटीचा जमाखर्च ते स्प्रेडशीटमध्ये ठेवायचे. सोमवारी सकाळी फोन आला, "अरे, सगळं गेलं." काहीही गेलं नव्हतं, फाइल जागच्या जागी होती. तिच्यापर्यंत जाण्याची वाट तेवढी गेली होती. त्यांनी ती वाट मनाने शिकली नव्हती, हाताने शिकली होती: खाली, डावीकडे, वरून चौथं. तरुण लोक चिन्ह ओळखतात, उशिरा शिकलेली माणसं जागा ओळखतात. वडिलांनी पंधरा दिवस हिशोब वहीत लिहिला. घाई माझी होती, आणि तो फोन आठवला की मला आजही वाईट वाटतं.

समोरचे पर्याय

मिंटपुढे काय काय होतं? कात्यावरच थांबता येत होतं, पण खालच्या उबुंटू ११.०४ची मुदत ऑक्टोबर २०१२पर्यंत, म्हणजे त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद. युनिटी घेता येत होती. ग्नोम ३ जसं आहे तसं स्वीकारता येत होतं. एक्सएफसीई किंवा केडीई हा आणखी एक डेस्कटॉप मुख्य करता आला असता, मिंट त्यांच्या आवृत्त्या काढतही होतं, मात्र तेही वापरणाऱ्याला नव्या घरात नेणंच झालं असतं. थेट डेबियनवर उभी केलेली एक आवृत्ती सप्टेंबर २०१०पासून होती आणि डेबियनमध्ये ग्नोम २ थोडा काळ अजून होतं, पण कधी ना कधी तिथूनही ते जाणारच होतं. या सगळ्यांत एक तर वेळ विकत घेणं होतं किंवा वापरणाऱ्याला हलवणं.

उरले दोन अवघड रस्ते. मेलेलं ग्नोम २ आपण जगवायचं. किंवा नवं ग्नोम ३ घेऊन त्याचं दर्शनी रूप जुन्यासारखं करायचं.

नोव्हेंबर २०११मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत, लिसामध्ये, मिंटने दोन्ही ठेवले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. कोणता रस्ता टिकेल हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं, म्हणून एकाच डीव्हीडीवर दोन्ही प्रयोग दिले आणि कोणता लोकांच्या हाती रुळतो ते पाहिलं.

पहिला प्रयोग एमजीएसई, म्हणजे ग्नोम शेलवर, ग्नोम ३च्या दर्शनी भागावर, चढवलेल्या मिंटच्या जोडण्या. एक जोडणी खालची पट्टी आणायची, एक मेनू, एक खिडक्यांची रांग. पाहणाऱ्याला वाटावं, आपलंच जुनं मिंट. पण ग्नोम शेलच्या जोडण्या म्हणजे चालत्या प्रोग्रॅमच्या पोटात शिरून त्याचे तुकडे बदलणारा जावास्क्रिप्ट कोड. बाहेरून जोडायला ठरलेली, पक्की खुंटी नव्हती. शेलवाल्यांनी आतलं काही हलवलं, आणि ते दर सहा महिन्यांनी हलवायचेच, की जोडणी निखळे. त्यातच ग्नोम शेलला ग्राफिक्सचा त्रिमिती वेग लागायचा. जुन्या यंत्रांना पर्याय म्हणून एक साधा मोड मिळे, त्यात या जोडण्या चालत नसत. म्हणजे ज्या जुन्या संगणकांसाठी लोक मिंट घेत, नेमके तेच बाहेर राहत होते.

माते

दुसरा प्रयोग माते. याची कथा मिंटच्या बाहेर सुरू होते. अर्जेंटिनातल्या, आर्च लिनक्स वापरणाऱ्या, पेर्बेरोस या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने २०११च्या जूनमध्ये ग्नोम २चा कोड घेऊन नवा फाटा काढला. नाव ठेवलं येर्बा माते या दक्षिण अमेरिकेतल्या पेयावरून, चहासारखं घरोघर पितात तसलं.

ग्नोम २ जगवायचं म्हणजे जुना कोड जपून ठेवायचा, इतकंच असेल असं वाटतं. पण ग्नोम २ आणि ग्नोम ३ यांच्या भागांची नावं एकच होती. फाइल दाखवणारा नॉटिलस तिथेही आणि इथेही, मजकूर लिहायचा जीएडिट दोन्हीकडे, पॅनेल दोन्हीकडे. एका संगणकावर एकाच नावाची, एकाच जागी बसणारी दोन पॅकेजं राहू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक भागाला नवं नाव द्यावं लागलं, आणि नुसतं वरचं नाव नव्हे, कोडच्या आत जिथे जिथे ते यायचं तिथे तिथे. पेर्बेरोसने स्पॅनिश नावं दिली. नॉटिलसचा झाला काखा, म्हणजे पेटी. जीएडिटचं प्लुमा, लेखणी. खिडक्या सांभाळणाऱ्या मेटासिटीचा मार्को, चौकट. दस्तऐवज दाखवणाऱ्या एव्हिन्सचं आत्रिल, म्हणजे पोथी ठेवायचं लाकडी आसन, आपल्याकडे व्यासपीठ म्हणतात तसलं. या नावांत मला एका माणसाची माया दिसते. दुसऱ्यांनी बांधलेलं, मालकांनी सोडलेलं घर त्याने आपल्या भाषेत पुन्हा नांदतं केलं.

लिसासोबत आलेलं माते कच्चं होतं. मिंटच्या लोकांनी त्यात हात घातला, चुका काढल्या, हळूहळू ते इतर डिस्ट्रोंमध्येही गेलं. जुन्या, अशक्त यंत्रांसाठी मिंटला उत्तर मिळालं.

दालचिनी

पण माते बटणं-खिडक्या काढणाऱ्या जुन्या जीटीके २ या पायावर होतं आणि तो पायाही कधीतरी जाणार हे दिसत होतं. एमजीएसई टिकत नव्हतं. म्हणून २०११च्या डिसेंबरात मिंटने तिसरी गोष्ट केली: ग्नोम शेलला बाहेरून जोडण्या लावण्यापेक्षा त्याचाच फाटा काढला. नाव सिनॅमन, दालचिनी.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. जोडणी लावणारा दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकत असतो. फाटा काढणारा म्हणतो, ही भिंत आता माझी, पडली तर मी उभी करीन. मिंटच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं ओझं, आणि ते त्यांनी आपण होऊन उचललं. खिडक्या सांभाळणारा मटर घेतला, त्याचा मफिन केला. २०१२मध्ये नॉटिलसच्या नव्या आवृत्तीने दोन रकाने शेजारी उघडण्याची सोय आणि आटोपशीर यादीचं दृश्य काढून टाकलं, तेव्हा आधीच्या नॉटिलसवरून नेमो हा आपला फाइल व्यवस्थापक काढला. मे २०१२मध्ये आलेल्या तेराव्या मायाला मातेची एक आणि सिनॅमनची एक अशा दोन आवृत्त्या होत्या. ऑक्टोबर २०१३च्या सिनॅमन २.०ला मागे ग्नोम डेस्कटॉप बसवलेला असण्याची गरज उरली नाही, आपलं सेशन, आपल्या सेटिंग्ज, सगळं स्वतःचं.

त्यांनी काय घेतलं नाही, तेही पाहायला हवं. कर्नल घेतला नाही. ग्राफिक्सची यंत्रणा घेतली नाही. पॅकेजं बांधण्याचा कारखाना घेतला नाही, उबुंटू मुख्य आवृत्तीसाठी राहिलं. जीटीकेसुद्धा बाहेरचंच वापरलं. वापरणाऱ्याचा माऊस जिथे जातो तेवढाच पातळ थर त्यांनी स्वतःच्या मालकीचा केला: पट्टी, मेनू, खिडक्या, फाइल दाखवणारी खिडकी, अपडेट करणारं बटण, सॉफ्टवेअर मिळवायची जागा. बाकी सगळं उधारीवर. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म हेच. छोट्या गटाने संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम बनवायला घेतली की तो कर्नलच्या ड्रायव्हरांत बुडतो, आणि नुसती नवी रंगसफेदी केली की मालकाने जिना हलवताच उघड्यावर पडतो. मधली रेघ कुठे ओढायची हे मिंटने नवशिक्याच्या हाताकडे पाहून ठरवलं.

पायाचा वेग

डेस्कटॉप आपला झाला तरी खालचा उबुंटू दर सहा महिन्यांनी बदलतच होता. शिवाय २०१३पासून उबुंटूने साध्या आवृत्त्यांची मुदत १८ महिन्यांवरून ९ महिन्यांवर आणली. त्यावर बांधलेलं मिंट वापरणाऱ्याला वर्ष भरायच्या आत पुन्हा बस्तान हलवावं लागे, आणि मिंटचा त्या काळचा सल्लाही साधारण असा असायचा की फाइली बाजूला काढा आणि नवं बसवा. जाणत्याला हे दुपारचं काम. नवशिक्याला कुणाला तरी बोलवावं लागतं.

उबुंटू १२.०४ ही दीर्घ मुदतीची, डेस्कटॉपलाही ५ वर्षांच्या दुरुस्त्या देणारी आवृत्ती होती, आणि माया तिच्यावर उभी होती. तो अनुभव हाती असताना मे २०१४मध्ये सतराव्या कियानासोबत मिंटने जाहीर केलं की २०१६पर्यंत सगळ्या आवृत्त्या कियानाच्याच, म्हणजे दीर्घ मुदतीच्या उबुंटू १४.०४च्या पायावर राहतील. रिबेका, राफाएला, रोझा, तिन्ही त्याच पायावर आल्या, आणि एकीवरून दुसरीवर जाणं अपडेट व्यवस्थापकातून होऊ लागलं. तेव्हापासून मिंटची मुख्य आवृत्ती दीर्घ मुदतीच्या उबुंटूवरच आहे.

हा निर्णय बाहेरून कंटाळवाणा दिसतो. नवं कर्नल उशिरा, नवे ड्रायव्हर उशिरा, ताज्या यंत्रांवर कधी वायफाय चालत नाही. पण दर सहा महिन्यांनी नव्या पायाशी जुळवून घेण्यात जाणारा चमूचा वेळ सुटला. तो वेळ नेमो आणि सिनॅमनला मिळाला. पुढे २०१६मध्ये एक्स-ॲप्स आले, म्हणजे मजकूर, चित्रं, दस्तऐवज उघडणारे असे प्रोग्रॅम की ज्यांचा मेनू नेहमीच्या जागी, खिडकीच्या वरच्या ओळीत राहतो. ग्नोमचे मूळ प्रोग्रॅम तोवर तो मेनू गुंडाळू लागले होते. पट्टी राखायची तर तिच्यावर उघडणाऱ्या खिडक्याही राखाव्या लागतात, हे तिथे कळतं. फाटा वाढतच जातो.

भरलेली किंमत

किंमत मोठी होती आणि ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

मफिन २०११च्या मटरवरून काढला होता. मूळ मटर पुढे धावत राहिला, मफिन मागे. अखेर २०२२मध्ये सिनॅमन ५.४साठी मफिन जवळजवळ नव्याने, मटर ३.३६ या पायावर, बांधावा लागला. दहा वर्षांची थकबाकी एकदम भरल्यासारखं ते होतं. पडद्यावर चित्र काढण्याची जुनी एक्स यंत्रणा जाऊन वेलँड येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोने २०१६मध्ये ग्नोमसोबत ते मुख्य केलं, तर मिंटमध्ये जानेवारी २०२४च्या २१.३ आवृत्तीत ते प्रयोग म्हणून आलं.

जानेवारी २०२१मध्ये एका घरातल्या लहान मुलांनी कळफलक आणि पडद्यावरचा कळफलक एकदम बडवले आणि सिनॅमनचा कुलूपबंद पडदा कोसळून आतला डेस्कटॉप उघडा झाला. वडिलांनी ते कळवलं, दुरुस्ती आली. कुलूप आपलं असलं की कुलपाची जबाबदारीही आपली.

भाषांतर हा मराठी माणसाने विचारात घ्यावा असा भाग. ग्नोमच्या मराठीकरणावर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं काम केलं. फाटा निघतो तेव्हा तोवरची भाषांतरं सोबत जातात, पण पुढची प्रत्येक नवी ओळ ग्नोममध्ये वेगळी, मातेत वेगळी, सिनॅमनमध्ये वेगळी. जर्मन किंवा फ्रेंचला ते परवडतं. जिथे मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक हे काम करतात, तिथे एकाच 'जतन करा'साठी तीन ठिकाणी जागरण होतं, आणि मेनूचा अर्धा भाग मराठी, अर्धा इंग्रजी असा दिसतो. आपल्याकडे कुणी नवा डेस्कटॉप योजत असेल तर फाटा काढण्याआधी भाषांतर करणाऱ्यांना विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सगळ्यात खोल अडचण मात्र स्थैर्यातूनच आली. काहीही मोडू नये म्हणून मिंटचा अपडेट व्यवस्थापक प्रत्येक अपडेटला १ ते ५ अशी पातळी द्यायचा, आणि धोक्याच्या वरच्या पातळ्या आपोआप निवडल्या जात नसत. त्यात कर्नलच्या सुरक्षा दुरुस्त्याही मागे राहू शकत. यावर कडक टीका झाली आणि ती रास्त होती. मोडतोडीची भीती घालवल्याशिवाय अपडेट सगळ्यांना द्यायचे कसे? उत्तर टाइमशिफ्ट या प्रोग्रॅममधून मिळालं. तो संगणकाची आजची स्थिती जपून ठेवतो, बिघडलं तर परत तिथे नेतो. २०१७च्या १८.३ आवृत्तीत तो आला आणि १९मध्ये अपडेटच्या मुळाशी बसवला गेला. परत फिरता येतं म्हटल्यावर पुढे जायला हरकत राहिली नाही.

तरीही लोक जुन्यावर बसून राहिले. २०२१च्या सुरुवातीला मिंटच्या चमूला जाहीरपणे लिहावं लागलं की कितीतरी जण अपडेट घेतच नाहीत, आणि एप्रिल २०१९मध्येच मुदत संपलेल्या १७च्या मालिकेवरही काही जण आहेत. त्यानंतर अपडेट व्यवस्थापक आठवण करून देऊ लागला. इथे मला सोपं उत्तर दिसत नाही. तुमचं काही हलणार नाही असं दहा वर्षं सांगितलेल्या माणसाला आता हल म्हणायचं तर ते फार हळू आवाजात, आणि तरी ऐकू जाईल असं म्हणावं लागतं.

एक घाव पट्टीपासून दूर बसला. २० फेब्रुवारी २०१६ला मिंटच्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी १७.३ सिनॅमनच्या डाउनलोडची वाट वळवली. त्या दिवशी ज्यांनी ती प्रत उतरवली त्यांना मागचं दार उघडं असलेलं मिंट मिळालं. चमूने लगेच जाहीर केलं, संकेतस्थळ बंद ठेवलं, चेकसम, म्हणजे उतरवलेली प्रत अस्सल आहे का हे ताडून पाहायचा आकडा, कसा तपासायचा ते सांगितलं. पण पहिल्यांदाच लिनक्स उतरवणाऱ्याला चेकसम हा शब्दच माहीत नसतो. नवशिक्याची वाट डाउनलोडच्या बटणापासून सुरू होते, आणि त्या बटणाची राखण पट्टीइतकीच योजनेत यायला हवी होती.

पुढे

डिसेंबर २०१८मध्ये १९.१ टेसा आली तेव्हा सिनॅमनच्या पट्टीचं रूप पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात बदललं. पट्टी गडद आणि जाड झाली, उघडलेल्या खिडक्या नावानिशी रांगेत दिसण्याऐवजी प्रोग्रॅमच्या चिन्हाखाली गटाने बसू लागल्या. ज्या पट्टीसाठी सात वर्षं इतकं केलं, तीच बदलायला निघाले होते. पण नवं बसवल्यावर उघडणाऱ्या स्वागताच्या खिडकीत त्यांनी दोन चित्रं शेजारी ठेवली, एक पारंपरिक मांडणीचं आणि एक नव्या मांडणीचं, आणि हवं त्यावर टिचकी मारायला सांगितलं.

वडिलांच्या संगणकावर मी टेसा बसवली तेव्हा त्या खिडकीशी थांबलो आणि खुर्ची त्यांना दिली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही चित्रं नीट पाहिली, "हे आपलं" म्हणाले आणि पारंपरिकवर टिचकी मारली. मग खाली, डावीकडे गेले आणि सोसायटीचा हिशोब उघडला.